फोर बाय फोर गाडीच्या टायरमध्ये हवा किती असावी: खान्देशातल्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

उन्हाळा लागला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या पंक्चरच्या दुकानांत एक सल्ला हमखास मिळतो: "ऊन वाढलंय, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु सल्ला चुकीचा आहे. सुरत-नागपूर महामार्गावरून भर दुपारी, माणसांनी आणि सामानाने भरून, नव्वदच्या वेगाने जाणाऱ्या गाडीसाठी तर तो धोक्याचा आहे. ज्या टायरमध्ये हवा कमी असते तो प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर जास्त दबतो आणि पुन्हा सरळ होतो. या सततच्या दबण्या-उठण्यातून रबरात उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडण्यापेक्षा अधिक वेगाने साठत गेली की आतले थर आणि तारा एकमेकांपासून सुटू लागतात. महामार्गावर टायर फुटतो त्यामागे बहुतेक वेळा जास्त झालेली हवा नसते, तर कमी राहिलेली हवा, वाढलेले वजन आणि वाढलेला वेग हे तिन्ही एकत्र आलेले असतात. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. त्यामुळे ही चूक इथे इतर भागांपेक्षा अधिक महाग पडते.

याउलट हीच गाडी जेव्हा तापीच्या वाळूत किंवा सातपुड्यातल्या दगडी वाटेवर उतरते, तेव्हा महामार्गाचा आकडा तसाच ठेवणे ही तितकीच मोठी चूक ठरते. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाडीला हवेचा एकच एक योग्य आकडा नसतो. वजन, जमीन आणि वेग या तिघांवरून तो दर वेळी ठरवावा लागतो, आणि तो ठरवण्याची पद्धत शिकता येते.

सुरुवात कुठून करावी

चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर खांबावर, किंवा काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, कंपनीने लावलेला एक छोटा तक्ता असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब वेगवेगळा लिहिलेला असतो. पुष्कळदा दोन रकाने असतात, एक कमी वजनासाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. आकडे पीएसआय, बार किंवा किलोपास्कलमध्ये असतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल आणि सुमारे साडेचौदा पीएसआय, एवढे लक्षात ठेवले की हिशेब जमतो. पंक्चरवाले ज्याला पॉइंट म्हणतात तो म्हणजे एक पीएसआय, आणि या लेखातही तोच शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

हा तक्ता म्हणजे आपला आधार. गाडीचे वजन, ब्रेक, वळणावरचा तोल आणि मूळ मापाचा टायर या सगळ्यांचा विचार करून कंपनीने तो दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा मात्र वेगळा. तो त्या टायरने सहन करायचा कमाल दाब असतो, आपण भरायचा दाब नव्हे. अनेक जण टायरवरचे ४४ किंवा ५० वाचून तेवढी हवा भरून घेतात. मग गाडी खडखडते, टायर मधोमध झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेते.

तक्त्यावरचा आकडा थंड टायरसाठी असतो. थंड याचा अर्थ गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चालली आहे. आपल्याकडे याला आणखी एक अट जोडावी लागते, ती म्हणजे टायर उन्हात तापलेला नसावा. अंगणात एक बाजू पूर्वेकडे करून उभ्या असलेल्या गाडीच्या उन्हाकडच्या दोन टायरमध्ये सकाळी नऊलाच सावलीकडच्या टायरपेक्षा दोन पॉइंट जास्त दिसू शकतात. ते पाहून उन्हाकडची हवा सोडली, तर संध्याकाळी तीच बाजू कमी भरते. म्हणून मोजणी सूर्य वर येण्याआधी, शक्यतो घराच्याच अंगणात करावी.

मोजायला स्वतःचे गेज हवेच. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते ही सोय चांगली आहे, पण दिवसभर आपटले जाणारे तिथले गेज दोन-तीन पॉइंट इकडे-तिकडे दाखवू शकते. आणि हवेच्या हिशेबात दोन-तीन पॉइंट ही लहान चूक नाही. चांगले डायल गेज किंवा साधे डिजिटल गेज घ्यावे, ते गाडीत कायम ठेवावे आणि नेहमी तेच वापरावे. पंपावर हवा भरायचीच असेल तर निघण्यापूर्वी घरी प्रत्येक टायर थंड असताना मोजून किती कमी आहे ते लिहून घ्यावे, आणि पंपावर टायर कोमट झालेला असला तरी तेवढेच पॉइंट वाढवून घ्यावेत. पुढच्या डाव्या टायरला घरी २८ होते आणि हवे होते ३२, तर पंपावर गेज ३० दाखवत असले तरी ३४ पर्यंत भरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजल्यावर ते ३२ च्या अगदी जवळ सापडेल.

उन्हाचा हिशेब

नेहमीच्या दाबाच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पॉइंटने वाढतो. पहाटे २८ अंशांत ३२ पॉइंट भरलेला टायर चालून-चालून ५८ अंशांपर्यंत तापला, तर गेज ३६ ते ३७ दाखवते. ही वाढ कंपनीने धरलेलीच असते. चाळीसगावच्या किंवा पारोळ्याच्या ढाब्यावर थांबून, गरम टायरमधली ही 'जादा' हवा सोडून देणे म्हणजे टायर थंड झाल्यावर २७-२८ वर आणून ठेवणे होय. डांबरी रस्त्यावरच्या प्रवासात गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये. दाब फारच वाढलेला वाटला तर गाडी सावलीत थांबवावी, वेग कमी करावा, वजन तपासावे.

हाच नियम हिवाळ्यात उलटा चालतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एकेरी आकड्यात उतरतो. मे महिन्याच्या पहाटे नीट भरलेला टायर आणि जानेवारीची पहाट यांत वीस अंशांचा फरक पडला, तर केवळ हवामानामुळे तीन पॉइंट कमी होतात. त्यात टायरमधून नैसर्गिकरीत्या महिन्याला साधारण एक पॉइंट हवा झिरपत असते. ज्यांनी उन्हाळ्यानंतर गेज लावलेलेच नाही, त्यांची गाडी संक्रांतीला बऱ्याच कमी हवेवर चालत असते, आणि डोळ्यांना ते दिसतही नाही. रेडियल टायरची बाजू मुळातच थोडी फुगलेली असते. २४ आणि ३२ यांतला फरक लाथ मारून किंवा नजरेने ओळखता येतो असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नायट्रोजन भरल्याने हा हिशेब बदलत नाही. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढाच काय तो फायदा. नायट्रोजनच हवा म्हणून नायट्रोजनवाला सापडेपर्यंत कमी हवेवर गाडी चालवणे मात्र शुद्ध तोट्याचे आहे.

वजन: काट्यावर जाऊन पाहावे

हवा माणूस पेलत नाही असे वाटते, पण प्रत्यक्षात गाडीचे जवळपास सगळे वजन टायरमधली दाबलेली हवाच उचलते, रबर तिला फक्त कोंडून ठेवते. ढोबळ मानाने, हवा दहा टक्के कमी केली की टायरची वजन पेलण्याची ताकद सुमारे आठ टक्क्यांनी घटते. टायरवर मापाच्या शेजारी एक दोन किंवा तीन आकडी खूण असते, उदाहरणार्थ २५५/६५ आर १८ ११० एस. यातला ११० हा भारांक आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १०६० आणि ११२ म्हणजे ११२० किलो प्रति टायर, आणि तेही पुरेशा दाबावर. पुढचे इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

आपल्या गाडीचे खरे वजन जाणून घेणे खान्देशात अवघड नाही. जिनिंगजवळ, मार्केट यार्डाबाहेर, महामार्गाच्या कडेला वजनकाटे आहेतच. लांबच्या प्रवासाला निघताना जसे सामान भरणार तसेच भरून, माणसे बसवून, गाडी एकदा काट्यावर घालावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवून आकडा घ्यावा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. पुढचे आणि मागचे मिळून एकूण वजनाच्या जवळ आले की मोजणी बरोबर झाली. मागच्या धुऱ्यावरचे वजन दोनाने भागले की एका टायरच्या वाट्याचा भार कळतो. आणि बहुतेकांना येथेच धक्का बसतो. पोलादी बंपर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), छतावरचे कॅरिअर, त्यावरची दुसरी स्टेपनी आणि पाण्याचे कॅन यांनी मिळून गाडीवर किती भार चढवला आहे, याची कल्पना वजन बघितल्याशिवाय येत नाही.

मागचा भार वाढला असेल तर तक्त्यातला पूर्ण भाराचा आकडा घ्यावा. दोन रकाने नसतील आणि मागे चांगलेच सामान असेल, तर मागे तीन-चार पॉइंट वाढवून सुरुवात करावी. पिकअप प्रकारच्या गाड्यांत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीतला फरक फार मोठा असतो. केळीचे घड किंवा खतांच्या गोण्या घेऊन जाताना जो दाब लागतो, तोच दाब रिकाम्या परतीच्या फेरीत ठेवला की मागचा भाग उसळतो आणि ओल्या वळणावर सरकतो. हवा वाढवल्याने टायर जास्त भार पेलतो हे खरे, पण गाडीची नोंदणीकृत भारक्षमता त्यामुळे वाढत नाही, हे विसरू नये.

मूळ टायर बदलून जाड, खडबडीत नक्षीचे टायर बसवले असतील तर बाजूवर एलटी ही अक्षरे आहेत का ते पाहावे. हे हलक्या मालवाहू गाड्यांचे टायर. त्यांची बाजू जाड असते, आणि तेवढेच वजन पेलायला त्यांना मूळ टायरपेक्षा जास्त दाब लागतो. त्यांत सी, डी आणि ई अशा श्रेणी असतात, आणि त्यांचे कमाल दाब साधारणपणे अनुक्रमे ५०, ६५ आणि ८० पॉइंट असतात. अशा टायरला दाराच्या तक्त्यावरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मिळाला तर उत्तमच, नाहीतर चार ते सहा पॉइंट वरून सुरुवात करावी आणि खालच्या दोन चाचण्यांनी आकडा पक्का करावा.

आकडा बरोबर आहे की नाही, हे तपासण्याच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी गेजची. पहाटे थंड टायर मोजून लिहून घ्यावेत. नंतर नेहमीच्या वजनासह, नेहमीच्या महामार्गी वेगाने पाऊण तास ते तासभर गाडी चालवून, थांबल्याबरोबर पुन्हा मोजावेत. मूळ प्रवासी बनावटीच्या टायरमध्ये सुमारे चार पॉइंट आणि एलटी टायरमध्ये सुमारे सहा पॉइंट वाढ झाली, तर सुरुवातीचा दाब योग्य होता. वाढ याहून बरीच जास्त असेल तर टायर जास्त दबत आणि तापत आहे, म्हणजे थंड असतानाची हवा कमी होती. दुसऱ्या दिवशी दोन पॉइंट वाढवून पुन्हा पाहावे. वाढ फारच कमी असेल तर हवा गरजेपेक्षा जास्त आहे. मात्र मूळ मापाचे टायर असतील तर डांबरी रस्त्यासाठी तक्त्याच्या खाली कधीच जाऊ नये.

ही पद्धत थंड हवेच्या देशांतल्या लेखांत जशी दिलेली असते तशी मे महिन्यात जळगावला केली, तर फसवते. सकाळी सातला हवा ३० अंश असेल आणि मोजणी संपेपर्यंत ४२ झाली असेल, तर गाडी न हलवताही पावणेदोन-दोन पॉइंट चढलेले असतात. म्हणून ही चाचणी उजाडताच सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी, नाहीतर हिवाळ्यात करावी.

दुसरी चाचणी खडूची आहे, आणि मला ती फार आवडते, कारण ती टायर जमिनीला कुठे टेकतो ते थेट डोळ्यांना दाखवते. सपाट सिमेंटचे किंवा गुळगुळीत डांबराचे पटांगण निवडावे. टायर कोरडा पुसून घ्यावा, आणि नक्षीवर एका बाजूच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची बोटभर रुंद आडवी रेघ ओढावी, आतल्या खाचांत नाही, वरच्या ठोकळ्यांवर. मग गाडी सरळ रेषेत, स्टिअरिंग न वळवता, पंधरा-वीस मीटर पुढे न्यावी आणि उतरून पाहावे. रेघ सर्वत्र सारखी पुसट झाली असेल तर टायर पूर्ण रुंदीने टेकत आहे. फक्त मधली पुसली आणि दोन्ही कडांना खडू तसाच शिल्लक असेल तर हवा जास्त आहे, कडा पुसल्या आणि मध्ये खडू उरला तर कमी. दोन-दोन पॉइंटने बदल करून पुन्हा रेघ ओढावी. पुढच्या आणि मागच्या टायरची चाचणी वेगवेगळी करावी, कारण इंजिनाचा भार पुढे असल्याने उत्तर वेगळे येते. मोठे टायर बसवलेल्यांना ही चाचणी विशेष उपयोगी पडते. मात्र खडू उभ्या भाराचेच सांगतो, वेगातल्या उष्णतेचे सांगत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द गेजच्या चाचणीचाच मानावा.

मुरूम, खडी आणि सातपुडा

पक्का रस्ता सुटला की हवा कमी करण्याचा प्रश्न येतो. दाब कमी केला की टायरचा जमिनीवरचा ठसा थोडा रुंद होतो, पण लांबीने पुष्कळ वाढतो. पकड मिळते ती मुख्यतः या वाढलेल्या लांबीमुळे. शिवाय मऊ झालेला टायर दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतो, त्यामुळे गाडी दगडावरून उडत नाही आणि टोकदार दगडाचा भारही पसरतो.

पुढचे आकडे थंड ३२ पॉइंट आधार धरून दिले आहेत, आपला आधार वेगळा असेल तर टक्केवारीने हिशेब करावा. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला याहून कमी आकडे चालतात, भरलेल्या फॉर्च्युनर किंवा पिकअपला चालत नाहीत.

लांबचा मुरुमाचा किंवा उखडलेल्या खडीचा रस्ता असेल तर वीस ते पंचवीस टक्के कमी, म्हणजे २४ ते २६ पुरतात, आणि वेग साठच्या आत ठेवावा. मोलगी-धडगावकडच्या आतल्या पाड्यांच्या वाटांवर, जिथे काळा बेसाल्ट फुटून धारदार झालेला असतो आणि गाडी फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये, माणसाच्या चालीच्या वेगाने चढवावी लागते, तिथे २० ते २२ योग्य ठरतात. याहून खाली जाण्याचा मोह टाळावा. टायरचा सर्वांत मजबूत भाग त्याची नक्षी असते आणि सर्वांत दुबळा भाग त्याची बाजू. हवा जितकी कमी, तितकी बाजू बाहेर फुगते आणि दगडाच्या धारेला उघडी पडते. नक्षीतले पंक्चर अर्ध्या तासात निघते, बाजू फाटली तर टायर संपला. यावल अभयारण्यासारख्या ठिकाणी तर ठरवून दिलेल्या रस्त्याबाहेर गाडी घालूच नये, त्यामुळे तिथे इतकी हवा कमी करण्याची वेळही येत नाही.

तोरणमाळला जाणाऱ्यांनी हवा कमी करू नये. राणीपूरहून वर जाणारा घाट वळणावळणाचा असला तरी रस्ता पक्का आहे, आणि मऊ टायर उतारावरच्या वळणात बाजूला लवतो. उंचीमुळे दाब वाढेल अशी शंका काही जण काढतात. शहाद्यापासून तोरणमाळपर्यंत सुमारे हजार मीटर चढ आहे, तेवढ्याने बाहेरच्या हवेचा दाब दीड पॉइंटने कमी होतो आणि गेज तेवढे जास्त दाखवते. पण वर हवा सहा-सात अंशांनी थंड असते, त्यामुळे एक पॉइंट उतरतो. उरलेल्या अर्ध्या पॉइंटसाठी काहीच करावे लागत नाही.

तापी-गिरणेची वाळू

वाळूत हवेइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. ताकदवान इंजिन, खडबडीत टायर, डिफरन्शियल लॉक (एका धुऱ्यावरची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) हे सगळे असूनही ३२ पॉइंटवर गाडी रुतते, आणि साधी गाडी १७ पॉइंटवर निघून जाते. पात्रात उतरण्यापूर्वीच, काठावर कडक जमिनीवर गाडी उभी असताना, १६ ते १८ पर्यंत हवा उतरवावी. रुतल्यानंतर उतरवली तरी उपयोग होतो, पण तोपर्यंत चाकांनी खड्डे केलेले असतात.

फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर ३२ वर गाडी दोन फेरे पुढे नेऊन उमटलेला माग पाहावा. तो अरुंद आणि खोल असतो, कडांवरून वाळू आत ढासळलेली दिसते. मग १७ वर तसेच करावे. माग उथळ असतो आणि नक्षीचा प्रत्येक ठोकळा वाळूवर स्वच्छ उमटलेला दिसतो, म्हणजे टायर वाळू कापत नाही, तिच्यावर चढून चालला आहे.

चारही टायरमधली हवा सारखी उतरवायला एक सोपी रीत आहे. पहिल्या टायरची व्हॉल्व्हपिन दाबून धरावी आणि ठरलेल्या आकड्यापर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळात पाहावे. बाकीच्या टायरना तेवढाच वेळ द्यावा, मग गेजने मिळवून घ्यावे. गाडी तरीही रुतली तर आधी चाके फिरवणे थांबवावे, कारण फिरणारे चाक फक्त खोल जाते. चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने काढावी, १४ पर्यंत उतरवावे आणि आपल्याच मागावरून उलटे निघावे. १२ च्या खाली जाऊ नये, कारण तेवढ्या दाबावर तीव्र वळण घेतले की टायरची कड रिमवरून सुटते, आणि नदीपात्रात ती परत बसवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. १६-१८ वर वेग तिसाच्या आत, वळणे मोठी, आणि थांबताना ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी. म्हणजे चाकांपुढे वाळूचा बांध तयार होत नाही.

हवा कितीही नीट असली तरी पात्रातले दोन धोके तिने टळत नाहीत. वाळू उपशाचे खड्डे पाण्याने किंवा गाळाने भरून वरून सपाट दिसतात, म्हणून अनोळखी जागी आधी पायी चालून यावे. आणि तापीवर हतनूर धरण आहे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज आहेत. पावसाळ्याच्या आसपास तिथून पाणी सोडले जाते. त्या दिवसांत पात्रात उतरू नये.

काळी जमीन

खान्देशातल्या फोर बाय फोरवाल्याची खरी परीक्षा काळ्या रानात होते. तिथे हवेचा उपयोग वाळूपेक्षा कमी आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. या मातीतली चिकण पाण्याने फुगते आणि टायरला लगडते. दोन-तीन फेऱ्यांत नक्षीच्या खाचा भरतात आणि खडबडीत टायरही गुळगुळीत होऊन जातो. वर बोट-दोन बोटे चिखल आणि खाली कडक मुरूम असेल, तर हवा फार कमी करू नये. २७-२८ वरचा टायर चिखल कापून खालच्या मुरुमाला टेकतो, तेच हिताचे. चिखल खोल आणि तळ मऊ असेल तर २० ते २२ पर्यंत उतरवून गाडी वर तरंगत ठेवण्याचा प्रयत्न करावा, खाचा झाडल्या जातील इतपत वेग टिकवावा आणि मध्येच थांबू नये. पण भरपूर पाऊस झालेल्या काळ्या शेतात वाफसा येईपर्यंत गाडी घालू नये, हेच शेतकऱ्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. रुतलेली गाडी काढताना पाडलेले चर पुढच्या पेरणीपर्यंत त्याला भोवतात.

शिवरस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. हवा कमी असताना टायरची फुगलेली बाजू चाकोरीच्या कडेला घासत राहते. पराटी (कपाशी) आणि तुरीची कापणी झालेल्या रानात तर आणखी जपावे. जमिनीतून तिरपे वर आलेले धसकट वाळल्यावर खिळ्यासारखे कडक होते आणि मऊ, फुगलेल्या बाजूत सरळ घुसते. अशा शेतातून जायचेच असेल तर हवा २६ च्या खाली नेऊ नये आणि पिकाच्या ओळींच्या मधून, ओळींच्या दिशेनेच गाडी न्यावी.

शेतातून महामार्गावर आल्यावर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले, तर लगेच अलाइनमेंटवाल्याकडे धावू नये. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला काळा चिखल वाळून चाकाचा तोल बिघडवतो. तो काढून टाकला की थरथर बहुतेक वेळा थांबते.

परत डांबरावर

हवा उतरवण्याचा अधिकार त्यालाच, ज्याच्याजवळ ती परत भरण्याचे साधन आहे. १७ पॉइंटवर महामार्गाने वीस किलोमीटर पुढच्या पंपापर्यंत जाणे म्हणजे टायर आतून जाळणे होय, आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही. ते महिन्याभराने दिसते. बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर जवळ असावा. मोठ्या टायरसाठी लागणारे ताकदवान कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या खाचेतून चालवू नयेत, त्या खाचेचा फ्यूज उडतो. ते चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडावेत आणि इंजिन चालू ठेवावे. दुपारच्या उन्हात कॉम्प्रेसरही तापतो, म्हणून दोन टायर झाले की त्याला थोडी विश्रांती द्यावी. इथे टायर कोमट असतात, त्यामुळे थंड आकड्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त भरावेत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेमके करावेत.

एकाच धुऱ्यावरच्या दोन्ही टायरचा दाब सारखाच असावा. फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाके एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असणे जरुरीचे आहे. थार, जिम्नी यांसारख्या पार्ट-टाइम व्यवस्थेच्या, म्हणजे चालक हवे तेव्हाच चारही चाके जोडतो अशा गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाके जोडणारा नेहमीच्या वेगाचा गिअर) लावूच नये. वळणात पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण सोडायला डांबरावर जागा नसते आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, भार येतो.

टायरदाब दाखवणारी यंत्रणा गाडीत असेल तर ती जरूर वापरावी, पण तिचा दिवा लागेपर्यंत थांबू नये. अनेक गाड्यांत तो दाब बराच, जवळपास पाव भाग, उतरल्यावर लागतो. ती गरम टायरचा दाबही दाखवते, म्हणून पहाटेचा आकडाच खरा मानावा. स्टेपनीत नेहमी पूर्ण भाराच्या आकड्यापेक्षा चार-पाच पॉइंट जास्त ठेवावेत. वापरताना कमी करणे सोपे असते, भरणे नाही.

वाळूतून किंवा शेतातून आल्यानंतरच्या दुसऱ्या सकाळी पाचही टायर मोजावेत. एखादा बाकीच्यांपेक्षा दोन पॉइंट खाली असेल तर साबणाचे पाणी करून आधी व्हॉल्व्हवर, मग रिमच्या कडेने ओतावे. व्हॉल्व्हवर बुडबुडे आले तर पिन बदलावी. रिमच्या कडेला आले तर कमी हवेवर चालताना तिथे वाळू शिरलेली असते, टायर उतरवून कड आणि रिम स्वच्छ करून घ्यावी. दोन्ही ठिकाणी काही नसेल तर नक्षीवर पाणी ओतून चाक हळूहळू पूर्ण फिरवावे. वेड्या बाभळीचा काटा ठोकळ्याच्या बुंध्याशी मोडून राहतो आणि वरून नुसता काळा ठिपका दिसतो. तो तिथेच उपटू नये, खडूने खूण करून, हवा भरून पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे.